नऊ नंबरची कात

बारातलं दुसरं पिल्लू मेलं त्या सकाळी नेट्टी ट्रेलोर जेलचे अधिकारी मिस्टर गॅरिटी यांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. जेलमध्ये येऊन तिला दीड वर्ष झालं होतं, आणि एवढ्या दिवसांत तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. जादा ब्लँकेट नाही, खिडकीजवळची खाट नाही. मागायला गेलं की नकार ऐकावा लागतो, आणि न मागताच दिवसभरात एवढे नकार कानावर पडत असताना आणखी एक ओढवून कशाला घ्या, असं तिचं म्हणणं. पण आज तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पिल्लू होतं. बोटाहून बारीक, दीड वीत लांब, अंगावर गालिच्यासारखी नक्षी.

हे बायकांचं जेल अॅडलेडच्या उत्तरेला, जिथे गव्हाची रानं संपतात आणि नुसता खारवट माळ सुरू होतो तिथे. भाजीच्या वाफ्यांमागे पत्र्याची एक शेड होती. लोकांनी हौसेने पाळलेले आणि मग नकोसे झालेले साप, परवाना नसल्यामुळे जप्त झालेले साप, सगळे तिथे येत. बायकांनी ते सांभाळायचे, खाते-पिते करायचे, मग परवाना असलेली माणसं येऊन त्यांना घरी नेत. जानेवारीत एक गालिचा-अजगर मादी घातलेल्या अंड्यांसकटच आली आणि फेब्रुवारीत त्यातून ही बारा पिल्लं निघाली. नेट्टीने प्रत्येकाच्या डब्यावर नंबर लिहिला. नावं ठेवायची नाहीत, असं नोस्केबाईंनी बजावलं होतं. "नाव ठेवलंस की जीव अडकतो, पोरी. आणि ही इथे राहायला आलेली नाहीत."

नोस्केबाई दर मंगळवारी बरोसाहून त्यांच्या खटारा गाडीतून यायच्या. सत्तरीच्या, चाळीस वर्षं साप पाळलेल्या. पिल्लं निघाली त्याच आठवड्यात शिवणखोलीतल्या एका बंद डब्यात नशेच्या गोळ्या सापडल्या आणि हुकूम निघाला की कुठल्याही कामाच्या जागी आरपार दिसत नाही असं काही ठेवायचं नाही. शेडमधल्या लाकडाच्या ढोल्या, साली, उलट्या कुंड्या, सगळं उचलून नेलं. मोठे साप कसेबसे निभावले. पिल्लं मात्र स्वच्छ प्लॅस्टिकच्या डब्यात उघडी पडली. दिवसभर झाकणाच्या कडेने नाक घासत फिरायची. नाकं सोलून निघाली. कुणी जवळून गेलं की प्लॅस्टिकवर डोकं आपटायची. कोमट करून पुढे धरलेलं उंदराचं पिल्लू बघायचीसुद्धा नाहीत.

मिस्टर गॅरिटींनी कागदाची पुडी बघितली आणि खुर्ची मागे सरकवली. "ते टेबलावर ठेवू नकोस."

"मेलंय साहेब."

"मेलेलंही नको."

त्यांना सापाची भीती होती हे अख्ख्या जेलला ठाऊक होतं. सहा फूट दोन इंच उंचीचा माणूस, पण शेडच्या दारापाशी आला की खिशात हात घालून बाहेरूनच बोलायचा.

"खात नाहीत, तर मी काय करू?" ते म्हणाले.

"त्यांना लपायला जागा द्या. अंगाला चहूबाजूंनी टेकेल एवढीशी. एक डब्याच्या गरम टोकाला, एक थंड टोकाला. उघड्यावर त्यांना वाटतं वरून पक्षी झडप घालणार. भ्यालेलं पोर जेवत नाही, साहेब."

"सापांना आता स्वतंत्र बेडरूम हवी होय! इथे माणसांना मिळत नाही."

"माणसं त्यावाचून मरत नाहीत," नेट्टी म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे खरं आहे का ते आपल्याला ठाऊक नाही.

गॅरिटी पेनाचं बटण दाबत बसले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. शेवटी म्हणाले, "कुंभारकामाच्या वर्गाकडून काय ते करून घे. पण तुझ्या सहीवर. मी म्हणेन तेव्हा प्रत्येक वस्तू तू स्वतः उचलून दाखवायचीस. आत सापाशिवाय केसाएवढं काही निघालं, तर तुझी ती घरं जातील, शेडही जाईल, आणि पुढच्या महिन्यातल्या तुझ्या पॅरोलचं काय होईल ते तूच ओळख."

नेट्टीने सही केली.

कुंभारकामाच्या वर्गाने वीस वाट्या करून दिल्या. पालथ्या घालायच्या, कडेला अंगठा जाईल एवढं भोक. पहिल्या दिवशी नेट्टीने त्या डब्यांत ठेवल्या, आणि दहाही पिल्लं जणू वाटच बघत असल्यासारखी भोकांतून आत सरकली. तीन दिवसांनी तिने पुन्हा उंदराची पिल्लं कोमट करून चिमट्याने भोकापुढे धरली. चार नंबरने पहिल्यांदा ओढून घेतलं. मग सहाने, मग अकराने. नऊ नंबर सगळ्यात लहान, त्याने संध्याकाळच्या कैद्यांच्या मोजणीपर्यंत ताटकळत ठेवलं आणि अखेर तेही जेवलं. नेट्टी मोजणीच्या रांगेत उभी होती तेव्हा तिच्या बोटांना उंदरांचा वास येत होता आणि तिचं तोंड हसरं होतं. शेजारची कोराली म्हणाली, "काय गं, सुटलीस की काय?"

कोराली तिच्याच घरात राहायची. घर म्हणजे सहा खोल्यांची बैठी चाळ, दारं होती पण कड्या बाहेरून. कोराली एकोणतीस वर्षांची, बडबडी, शेडमध्ये झाडलोट करायला नेट्टीच्या हाताखाली आलेली. आपल्या मुलाविषयी, फ्लिनविषयी ती दिवसातून वीस वेळा बोलायची. तो मिल्डुऱ्याला त्याच्या आजीकडे होता. आजीने जेलच्या फोनला संमती दिली नव्हती, त्यामुळे अकरा महिने कोरालीने पोराचा आवाज ऐकला नव्हता.

तीन आठवडे बरे गेले. मग एका बुधवारी सकाळी नऊ नंबर डब्यात दिसेना, आणि वाटीच्या आतून काहीतरी फडफडतंय असं नेट्टीला वाटलं. तिने वाटी उचलली तर पिल्लू वाटीबरोबरच वर आलं. वाटीच्या आतल्या छताला चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्या सुटलेल्या टोकाला पिल्लाची पाठ चिकटली होती. सुटायला जितकं पिळवटत होतं तितकं आणखी चिकटत होतं.

सापाच्या डब्यात चिकटपट्टी कधी म्हणजे कधी वापरायची नाही, हा नोस्केबाईंचा पहिला धडा. ओढलं तर कातडी निघून येते. नेट्टीने स्वयंपाकघरातल्या तेलाची बाटली घेतली आणि कान साफ करायच्या काडीने एकेक थेंब पट्टीखाली सोडत बसली. पाऊण तास लागला. पिल्लाने तिच्या अंगठ्याला दोनदा चावा घेतला, टाचणी टोचल्यासारखा. शेवटी ते सुटलं. पाठीवरचे पाच-सहा खवले गेले होते, खालचं मांस ओलं लाल दिसत होतं.

मग तिने पट्टीखाली काय आहे ते बघितलं. मोबाईल होता. खेळण्यातला वाटावा एवढासा, तिच्या अंगठ्याहून जेमतेम मोठा.

कोराली बादली घेऊन आत आली आणि दारातच थांबली. नेट्टीच्या तळहातावर काय आहे ते तिने बघितलं.

"बादली खाली ठेव आणि दार लोट," नेट्टी म्हणाली.

"नेट्टी, ऐक..."

"तुला दुसरी जागा नाही मिळाली? माझ्या सहीच्या वाटीत?"

"म्हणूनच तर! तिथे कुणी हात घालणार नाही. गॅरिटी तर..."

"मी घालते हात! रोज घालते! बघ याची पाठ बघ. बघ म्हणतेय ना!"

कोरालीने बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "मला नव्हतं माहीत असं होईल. देवाशप्पथ." मग ती खाली फरशीवरच बसली. फ्लिनची आत्या, तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण, आजी दुकानात गेली की गुपचूप फोन त्याच्या कानाला लावत होती. आतापर्यंत चार वेळा. पहिल्या वेळी त्याने आईचा आवाज ओळखलाच नाही. चौथ्या वेळी ओळखला. "शनिवारी चार वर्षांचा होतोय तो. तेवढं एकदा त्याच्याशी बोलू दे. शनिवार झाला की मी स्वतः फोडून संडासात टाकते."

"आणि त्याआधी झडती झाली तर?"

"मी सांगेन माझा आहे."

"तू सांगशील. आणि सही माझी. माझी पॅरोलची सुनावणी एकोणीस दिवसांवर आलीये, कोराली."

"मग जा, सांग जाऊन," कोराली म्हणाली. हे तिने रागाने म्हटलं असतं तर नेट्टीला सोपं गेलं असतं. पण ती अगदी हळू बोलली. "मला सहा महिने वाढतील, भेटी बंद होतील. त्याला वाटेल मी पुन्हा गेले. जा."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. सांगावं तर जन्माची चुगलखोर म्हणून शिक्का, आणि एका पोराच्या कानाला लागलेला फोन आपल्या हाताने हिसकावल्याचं पाप. न सांगावं तर पिल्लं, शेड आणि स्वतःची सुटका, तिन्ही त्या अंगठ्याएवढ्या वस्तूला टांगलेली. तिकडे पोर्ट पिरीला टेगनने, तिच्या लेकीने, भाड्याच्या घरातली मागची खोली आईसाठी पिवळी रंगवून ठेवली होती.

"शनिवारपर्यंत," नेट्टी म्हणाली. "आणि चिकटपट्टी नाही. कागदात गुंडाळून खाली ठेव, त्यावर वर्तमानपत्राचे थर, मग वाटी."

"कुठल्या डब्यात?"

"नऊच्याच. त्याला आता कुणी हात लावायचाच नाहीये, जखम भरेपर्यंत."

ती असं म्हणाली खरी, पण दिवसभर तिला अन्नाची वासना झाली नाही. ही भावना तिच्या ओळखीची होती. अडीच वर्षांपूर्वी, एका रविवारी चार पेले वाइन पोटात असताना तिने रस्त्याकडेला टायर बदलणाऱ्या माणसाला उडवलं होतं. दोन मुलांचा बाप. थांबली नाही. घरी येऊन गाडी शेडमध्ये घातली आणि वरून ताडपत्री ओढली. तीन दिवस ती शाळेच्या कँटीनमध्ये नेहमीसारखी सँडविचं करत राहिली, लोकांशी हसूनही बोलली, आणि तीन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. चौथ्या दिवशी टेगन शिडी आणायला शेडमध्ये गेली आणि तिने ताडपत्री उचलली. त्या संध्याकाळी नेट्टी पोलिसांत गेली. कोर्टाने तिला त्या माणसासाठी शिक्षा दिली आणि त्या तीन दिवसांसाठी वेगळी.

झडती शुक्रवारी आली. सकाळी दहाला, चाळीस डिग्रीच्या उन्हात, उत्तरेकडून धुळीचा वारा सुटलेला. मिस्टर गॅरिटींबरोबर दोन पहारेकरी आणि एक कुत्रा होता. कुत्रा शेडच्या उंबऱ्यापर्यंत आला, मोठ्या अजगरांचा वास त्याच्या नाकात गेला आणि त्याने चारी पाय रोवले. हिसका दिला तरी आत येईना.

"शहाणा आहे," गॅरिटी म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसून स्वतः आत आले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "चल ट्रेलोर, एकेक करून दाखव. वाटी, मग खालचा कागद."

कोराली कोपऱ्यात झाडू धरून उभी होती. तिच्याकडे बघायचं नाही, असं नेट्टीने ठरवलं. एक नंबर. वाटी उचलली, वेटोळं घातलेलं पिल्लू, कागद उचलला, खाली प्लॅस्टिक. दोन नंबर. चार. पाच. सहा. प्रत्येक वेळी पिल्लू दचकून मान मागे घ्यायचं आणि प्रत्येक वेळी गॅरिटीही. सात. आठ.

"नऊ," गॅरिटी म्हणाले.

"हे राहू दे साहेब." तिचा आवाज इतका सहज निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. "कात टाकायला आलंय. डोळे दुधाळ झालेत, काही दिसत नाही त्याला. आत्ता हलवलं तर कात फाटेल आणि डोळ्यावरची तशीच राहील, मग आंधळं होतं."

यातलं एकेक वाक्य खरं होतं, फक्त नऊ नंबरच्या बाबतीत नव्हतं.

गॅरिटींनी डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "नक्की?"

"हो."

"दहा," ते म्हणाले.

ते गेल्यावर कोराली तिच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. नेट्टी तशीच ताठ उभी राहिली. तिला त्या क्षणी कोराली नको होती, कुणीच नको होतं. एखाद्या काळोख्या कोनाड्यात, पाठ, कुशी, डोकं, सगळं कशाला तरी टेकवून पडून राहावं असं वाटत होतं. पण जेवणाची घंटा झाली. मग मोजणी होती. मग खोलीची झडती. दाराला काचेची खिडकी होती आणि ती झाकायला बंदी होती.

शनिवारी दुपारी कोराली शेडमध्ये मोठ्या टाकीमागे उकिडवी बसून सात मिनिटं बोलली. नेट्टी दारात पहाऱ्याला उभी. आतून दबक्या आवाजातलं गाणं ऐकू आलं, वाढदिवसाचं, अर्ध्यात तुटलेलं. कोराली बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते आणि चेहरा उजळलेला होता. "केक ट्रॅक्टरचा होता म्हणे. हिरवा."

"आता फोड."

"अगं, पुढच्या शनिवारी आजी दवाखान्यात जाणारे, पूर्ण तासभर..."

"कोराली."

"एकच! एकच आठवडा. झडती तर होऊन गेली ना? आता महिनाभर कोण फिरकतंय?"

नेट्टीने तिला काय म्हटलं असतं कुणास ठाऊक, पण तेवढ्यात कपडे धुण्याच्या खोलीतली ग्लेनिस वाफ्यांमधून चालत आली. ग्लेनिसची सात वर्षं झाली होती आणि चार उरली होती. जेलमध्ये काय येतं आणि कुठून येतं ते तिला विचारल्याशिवाय होत नसे. तिने कोरालीला मानेनेच जायला सांगितलं आणि कुंपणाच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"दहा पिल्लं, वीस वाट्या," ग्लेनिस म्हणाली. "आणि साहेब सापाला भितो, कुत्रासुद्धा आत येत नाही. अगं बाई, तू तर गावची तिजोरी उघडून बसलीस आणि कुणाला पत्ता नाही!"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? कोराली गाणं म्हणत फिरतेय सकाळपासून. मला काही फार नको. दोन-तीन वाट्या. मंगळवारपासून."

"नाही जमायचं."

"विचार कर की. घाई नाही." ग्लेनिसने शेडच्या पत्र्यावर हात टेकवला आणि चटका बसून काढून घेतला. "बापरे. आत पंखा चालू असतो म्हणून बरं. कुणी चुकून बटण बंद केलं तर तासाभरात तुझी पोरं शिजतील."

रविवारी दुपारी नेट्टीने कोरालीला कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी गाठलं. लांबवलं नाही. "उद्या सकाळी आठला मी शेड उघडेन. नऊच्या डब्यात काही असलं तर ते मी गॅरिटींच्या टेबलावर नेऊन ठेवेन आणि माझं म्हणून सांगेन. नसलं तर नसलं. आणि वाट्या मी फोडणार आहे. वीसही."

"मग पिल्लं?"

"त्यांचं मी बघते."

"तुला काय जातंय," कोराली म्हणाली. तिच्या हातातली ओली चादर जमिनीला लागत होती. "तू दोन आठवड्यांनी घरी जाशील. तुझी लेक तुझी वाट बघतेय. माझ्या पोराला पुन्हा सांगायचं, आई गेली?"

नेट्टीने चादरीचं दुसरं टोक उचलून धरलं, पण कोरालीने ते तिच्या हातातून ओढून घेतलं.

सोमवारी सकाळी नऊच्या डब्यात फक्त नऊ नंबर होतं. मोबाईल कुठे गेला ते नेट्टीला कधीच कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. तिने वीसही वाट्या पोत्यात घालून फावड्याने फोडल्या आणि ठिकऱ्या वाफ्यांच्या कडेने पसरल्या. मग सगळ्या घरांमधून गोळा केलेल्या कागदाच्या नळ्या, संडासच्या कागदाचा रोल संपल्यावर उरतात त्या, बोटभर रुंदीला चपट्या दाबून प्रत्येक डब्यात दोन-दोन ठेवल्या. दोन्ही बाजूंनी उघड्या, डोळा लावला की आरपार दिसावं अशा. वरून कुंपणाजवळच्या निलगिरीची वाळकी पानं मूठ-मूठ टाकली. साप लपेल, पण दुसरं काही लपणार नाही. पिल्लांना ते वाट्यांइतकं पसंत पडलं नाही. चार नंबर सारखं आत-बाहेर करत राहिलं, सात नंबर पानांखाली डोकं खुपसून शेपटी बाहेर ठेवून बसलं. पण मंगळवारी नोस्केबाईंनी बघून मान डोलावली. "चालेल. वाट्यांना काय झालं?"

"फुटल्या," नेट्टी म्हणाली.

नोस्केबाईंनी वाफ्यांकडे बघितलं, मग नऊ नंबरच्या पाठीकडे, आणि तिला जखमेचं मलम देऊन त्या गेल्या. ग्लेनिसने लांबून पानं आणि नळ्या बघितल्या, खांदे उडवले. तिला दुसरी जागा मिळाली असावी.

झालं, सुटले, असं नेट्टीला वाटायला लागलं तो बुधवार. त्या सकाळी चार नंबरने खरोखरच कात टाकली. नळीच्या तोंडाशी अडकवून सुरेख उलटी सोलली होती, नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, डोळ्यांच्या जागी दोन चिमुकल्या काचांसह. नेट्टीने ती ओल्या कागदावर पसरली आणि नोंदवहीत तारीख घालून लिहिलं, '4, कात, पूर्ण.'

दारात सावली पडली. "काय गं ट्रेलोर, त्या नऊ नंबरची कात निघाली का?" मिस्टर गॅरिटी खिशात हात घालून उभे होते. "नाही म्हणजे, माझी नात आहे सहा वर्षांची. तिच्या शाळेत उद्या काहीतरी नेऊन दाखवायचंय मुलांनी. मी तिला त्या पिल्लाची गोष्ट सांगितली. कात टाकताना आंधळं होतं ते. तिने डोकंच खाल्लंय माझं. फाटली असली तरी चालेल."

"बघते साहेब."

"मी ऑफिसातून जाऊन येतो दहा मिनिटांत."

ते गेले. समोर ओल्या कागदावर कात पडलेली होती. नोंदवहीत तो आकडा होता. इंग्रजी चारचं डोकं वरून मिटवलं की त्याचा नऊ होतो, पेनाचा एक फटकारा पुरतो. कुणाला कळणार होतं? एका मुलीला शाळेत टाळ्या मिळाल्या असत्या. बारा दिवसांनी सुनावणी, मग बस, मग पिवळी खोली.

नेट्टीने पेन उचललं. तिला आठवलं, ताडपत्रीसुद्धा पहिल्या दिवशी तिने एका रात्रीपुरतीच ओढली होती. सकाळी बघू म्हणून. मग सकाळी वाटलं, आजचा दिवस जाऊ दे. प्रत्येक दिवशी फक्त त्या दिवसापुरतंच गप्प बसायचं होतं.

तिने पेन खाली ठेवलं. गॅरिटी परत आले तेव्हा ती दाराबाहेर, उन्हात उभी होती.

"साहेब, ही कात चार नंबरची आहे. नातीला न्या. नऊ नंबर कात टाकायला आलंच नव्हतं. मी खोटं बोलले."

गॅरिटींना आधी समजलंच नाही. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. राग येईल असं नेट्टीला वाटलं होतं, पण आधी आलं ते दुसरंच काहीतरी, एखाद्याने भर रस्त्यात आपल्याला ओळख न दाखवावी तसं.

"मी तुझ्या शब्दावर तो डबा न बघता सोडला," ते म्हणाले.

"हो साहेब."

"काय होतं आत?"

"आता काही नाही."

"तेव्हा काय होतं?"

नेट्टीने कात ठेवलेला ओला कागद पुढे केला.

"कुणाचं होतं? ट्रेलोर, नाव सांग. नाव सांगितलंस तर हे सगळं वेगळ्या तऱ्हेने लिहिता येईल. बारा दिवस राहिलेत तुझे, बाई. डोकं ठिकाणावर आहे का?"

"वाट्यांवर सही माझी होती."

शेडच्या आत झाडूचा आवाज थांबला होता. गॅरिटींनी तिकडे एकदा बघितलं. त्यांना कळलं असेल किंवा नसेलही. त्यांनी खिशातून छोटी वही काढली, दोन ओळी लिहिल्या. मग ते वळले, चार पावलं जाऊन थांबले, परत आले आणि बोटांच्या चिमटीत, अंगापासून हातभर लांब धरून कात घेऊन गेले.

सुनावणी सहा महिने पुढे गेली. नेट्टीचं शेडमधलं काम त्याच दिवशी बंद झालं आणि तिला कपडे धुण्याच्या खोलीत टाकलं, ग्लेनिसच्या शेजारच्या यंत्रावर. शेड बंद होईल अशी तिला भीती होती, पण झडतीत काही सापडलं नव्हतं आणि वाट्या राहिल्या नव्हत्या, म्हणून ती वाचली. पिल्लांची सवय दुसऱ्या कुणाला नाही म्हणून किल्ली कोरालीच्या हाती आली. खोटं बोलणाऱ्या बाईला काढलं आणि फोनवालीच्या हाती किल्ली दिली, यावर नेट्टीला हसू यायला हवं होतं. यंत्रांच्या वाफेत ते कधी आलं नाही. धुण्याच्या खोलीच्या जाळीतून शेडचं छप्पर दिसायचं. सकाळी सव्वाआठला दार उघडायचं, पंखा सुरू व्हायचा, मग ती पुन्हा चादरींकडे वळायची.

कोराली तिच्याशी बोलत नव्हती. तिला लाज वाटत होती की अजून राग होता, हे नेट्टीला समजायला मार्ग नव्हता. एका खोलीपलीकडे झोपणारी बाई, रोज तीन वेळा जेवायला समोर, आणि मधे भिंत. एकदाच, एप्रिलमध्ये, ती रांगेत मागून म्हणाली, "नऊ गेलं काल. मरी ब्रिज गावचं एक जोडपं आलं होतं. पाठ पूर्ण भरलीये." नेट्टी वळेपर्यंत ती तिचं ताट घेऊन निघून गेली होती.

टेगनला सांगायचं काम मात्र पहिल्याच रविवारी करावं लागलं. फोनच्या खोक्यात उभं राहिलं की मागच्या बाईचा श्वास मानेवर जाणवायचा. दहा मिनिटं मिळत.

"सहा महिने?" टेगन म्हणाली. "काय केलंस काय तू?"

"खोटं बोलले. मग खरं सांगितलं."

"कशाबद्दल?"

"फोनवर नाही सांगता येत."

पलीकडे फ्रीजचा आवाज ऐकू येत होता, टेगनच्या स्वयंपाकघरातला. "मी रजा काढली होती, आई. तुला आणायला यायची. त्या मासळीच्या दुकानात रजा मागायला किती भांडावं लागतं तुला माहितीये?"

"माहितीये गं."

"नाही माहीत तुला. तुला काहीच माहीत नाही." ती रडत होती की नाक शिंकरत होती कळेना. मग म्हणाली, "ती खोली मी शेर्लीला देते सप्टेंबरपर्यंत. कामावरची माझी मैत्रीण. भाडं तरी येईल. तिला पिवळा रंग नको आहे पण."

"मग बदलू दे तिला."

"नाही बदलणार," टेगन म्हणाली. "बाकी काय? जेवतेस का?"

"जेवते."

"खरं सांग."

"आज जेवले. खिमा भरलेला मीट पाय होता." आणि मग रेकॉर्ड केलेला तो आवाज मधे आला, एक मिनिट उरलंय म्हणून. टेगन घाईघाईने दुकानातल्या कुणाविषयी तरी सांगायला लागली, बर्फाच्या यंत्राविषयी, शेजाऱ्यांच्या बकरीविषयी, जे सुचेल ते, मधे श्वासही न घेता, आणि नेट्टी कानाला फोन दाबून, डोळे मिटून, लाईन कटेपर्यंत ऐकत राहिली.